काकूंची सही

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ती भाजी घेऊन परत आली, तेव्हा जिन्याखालच्या फलकावर नवी नोटीस लागली होती. तिला सातवा महिना होता. हातात बटाटे, कांदे आणि एक भलामोठा कोबी. चौथ्या मजल्याची चढण सुरू करण्याआधी ती नेहमीच या फलकापाशी दम खायला थांबायची. पाण्याची टाकी कधी धुणार, कोणाची किल्ली हरवली, कोणाची सायकल कोणाच्या वाटेत येते, असलं काहीबाही वाचता वाचता श्वास जागेवर यायचा.

आजची नोटीस टाइप केलेली होती. भाषा सेक्रेटरींची. हे गृहस्थ तीस वर्षं शाळेचे मुख्याध्यापक होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांना वर्ग म्हणून ही इमारत मिळाली होती.

‘चौथ्या मजल्यावरील नोंदणीकृत दांपत्यास लवकरच अपत्यप्राप्ती होणार असल्याचे समजते. सदर अपत्याच्या अंगी कोणते गुण उतरतील याची खात्री कोणासही देता येत नाही. इमारतीतील वृद्ध, स्त्रिया व मालमत्ता यांच्या सुरक्षिततेचा विचार करता दांपत्याने प्रसूतीपूर्वी जागा सोडावी, अशी खालील रहिवाशांची नम्र विनंती आहे.’

खाली सह्या होत्या. इमारतीत घरं आठ. सह्या सात.

तिने त्या एकेक करून वाचल्या. पहिली सेक्रेटरींची, शेपटी काढलेली. दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या पहिलवानाची. त्याची तळमजल्यावर व्यायामशाळा होती आणि सहीसुद्धा त्याने दंड फुगवून केल्यासारखी दिसत होती. मग बाकीच्यांच्या. सातवी सही गोल, सावकाश अक्षरांतली, खाली एक रेघ आणि दोन टिंबं. ही सही तिने कितीतरी पार्सलांच्या पावत्यांवर पाहिली होती, कारण ती दुकानात असली की तिची पार्सलं समोरच्या काकू घेऊन ठेवायच्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद फाडावासा वाटला. पण तिने फाडला नाही. तिने पिशवी उचलली आणि एकाही मजल्यावर न थांबता वर गेली.

ती कुलपांच्या दुकानात काम करायची. तिजोरी अडकली, किल्ली आत तुटली, कपाटाचा खटका बसला, की लोक तिथे यायचे आणि मालक तिला बोलवायचा. तिचा हात लोखंडातून आत जायचा. कोपरापर्यंत, पुढे नाही. थंड, ओल्या वाळूत हात खुपसावा तसं लागायचं, आणि मग बोटांना आतला खटका सापडायचा. लाकूड, लोखंड, विटा, काच, काहीही चालायचं. जिवंत गोष्टीतून मात्र नाही. लहानपणी तिने झाडाच्या बुंध्यावर करून पाहिलं होतं, तेव्हा बोटं सोलवटली होती.

अशा लोकांची सरकारदरबारी यादी असते. नाव लिहायचं, ओळखपत्र घ्यायचं, संपलं. तिचा नवराही त्या यादीत होता. तो दातांच्या दवाखान्यात मदतनीस होता. दाढ काढताना तो रुग्णाचा जबडा धरायचा आणि सगळी कळ त्याच्याकडे यायची. दाढ एकाची उपटायची, कण्हायचं याने. संध्याकाळी घरी येऊन तो तासभर गालाला ओला टॉवेल लावून पडायचा, मग ती कळ विरून जायची. दवाखान्याबाहेर मोठी पाटी होती, ‘वेदनारहित उपचार’, आणि तिच्यावर नाव डॉक्टरचं.

इमारतीत दोघांनीही काही सांगितलं नव्हतं. बोभाटा झाला तो गेल्या वर्षी, काकूंच्या दारामुळे.

काकू एकट्या राहायच्या. दोन्ही मुलं मोठी होऊन दूर गेली होती. एका दुपारी त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या, शेगडी विझली आणि गॅस मात्र सुरूच राहिला. दाराला आतून कडी. वास जिन्यात आला तेव्हा सगळे जमले. पहिलवान खांद्याने दार ठोकत होता, आणि ठिणगी पडेल म्हणून सेक्रेटरी त्याला मागे ओढत होते. अग्निशमनवाले वीस मिनिटांत येतो म्हणाले होते. वीस मिनिटांनी काय उरलं असतं ते सगळ्यांनाच कळत होतं. तिने गर्दी बाजूला सारली, दारातून हात आत घातला आणि कडी काढली.

शुद्धीवर आल्यावर काकू तिच्या गळ्यात पडून रडल्या. “तू माझी लेकच आहेस गं,” म्हणाल्या.

आठवड्याने पहिलवानाच्या बायकोची अंगठी हरवली, आणि सगळ्यांच्या नजरा चौथ्या मजल्याकडे वळल्या. अंगठी नंतर त्यांच्याच साबणाच्या डबीत सापडली. माफी काही कुठे सापडली नाही. त्या दिवसापासून तिला ‘आरपार’ हे नाव पडलं. मुलं जिन्यात हळूच म्हणायची, मोठी माणसं दार लावून.

गंमत अशी की, दिवस गेल्यावर तिचा हात कशातूनच जाईनासा झाला होता. चौथ्या महिन्यात एका तिजोरीवर तिची बोटं आपटली आणि रक्त आलं, तेव्हा तिला कळलं. मालकाने तिला गल्ल्यामागे बसवलं. म्हणजे सात घरं आज ज्या बाईला घाबरून सह्या करत होती, तिला आता किल्लीशिवाय स्वतःचं दारही उघडता येत नव्हतं.

नवरा घरी आला तेव्हा गाल धरूनच आला.

“वाचलीस?” त्याने विचारलं.

“सेक्रेटरींच्या तीन दाढा तुझ्या जबड्यातून निघाल्यात. तीन! आणि पहिली सही कोणाची, तर त्यांची.”

“जाऊ दे गं. दुसरं घर बघू.”

“कुठे बघू? यादीवाल्यांना घर द्यायला कोण वाट बघत बसलंय? हे मिळायला अकरा महिने लागले, विसरलास?”

“भांडून काय मिळणार?”

“न भांडता काय मिळालं?” तिने कोबीवर सुरी अशी मारली की तो दुभंगून दोन्हीकडे घरंगळला. “तुला दुसऱ्याचं दुखणं घेता येतं. माझा राग घेता येतो का? घे बरं. बघ पेलतो का.”

त्याने खरंच हात पुढे केला. ती मागे सरकली.

“नको. तो माझ्याकडेच राहू दे. लागणार आहे.”

बाळाची एक सवय होती. रोज सकाळी अकराच्या आसपास ते जागं व्हायचं. आधी दोन लाथा, मग उजव्या बरगडीखालून टाच ओढत न्यायचं, आतून कोणी कडी सरकवावी तसं. गुरुवारी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, काहीच झालं नाही. ती पलंगावर डाव्या कुशीवर झोपून राहिली. गार पाणी प्यायली. मग उठून न्हाणीघरापर्यंत गेली, आणि मध्येच थबकली.

ती भराभर चालत होती. कमरेवर हात न ठेवता, न वाकता, लग्नाआधी चालायची तशी. पोट होतं तेवढंच होतं, गच्च, पुढे आलेलं. पण त्याला वजन नव्हतं.

रिक्षा मिळाली. इस्पितळ दोन चौक पलीकडे होतं. सोनोग्राफीच्या खोलीतल्या बाईने पोटावर गार जेल लावलं, यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि बोलता बोलता गप्प झाली. पडदा भिंतीकडे वळवायला ती विसरली होती. पडद्यावर पाण्याचा काळा डोह दिसत होता. नाळेचा दोर दिसत होता, तो पाण्यात लोंबत होता. त्याच्या टोकाला कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी स्वतः यंत्र धरलं. “हे काय लावून ठेवलंय?” त्या यंत्रावरच्या बाईवर खेकसल्या. “बंद करा आणि पुन्हा चालू करा.”

पुन्हा चालू केलं. तेच पाणी. तोच दोर.

ती छताकडे बघत पडून राहिली. रडू येत नव्हतं. नोटिशीतले शब्द एकामागून एक डोळ्यांपुढे येत होते, आणि तिने दात इतके आवळले होते की कानशिलं दुखत होती. बाराला पाच मिनिटं कमी असताना कमरेत एकदम ओझं आलं. कोणीतरी धावत घरी आलं आणि दार लोटून आत शिरलं, असं वाटलं. लगेच खोलीभर टकटक टकटक आवाज घुमू लागला.

“हे बघा. ठोके उत्तम आहेत,” डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या. कागदावर त्यांनी ‘यंत्रातील दोष’ असं लिहिलं.

ती घरी परतली तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर सेक्रेटरी बसले होते. शर्टाची बटणं उघडी, चेहरा पांढराफटक. पहिलवान त्यांना पाणी पाजत होता. काकू वर्तमानपत्राने वारा घालत होत्या.

“गॅस झाला असेल,” पहिलवान म्हणाला.

“गॅस काय मला कळत नाही? अडुसष्ट वर्षांचा आहे मी.” सेक्रेटरींनी उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. “इथून असं काहीतरी ओढत नेलं. साडेअकराला सुरू झालं आणि आत्ता, बाराच्या आत, थांबलं. एकदम रिकामं वाटलं हो.”

तेवढ्यात त्यांना ती दिसली. काकूंनी नजर वर्तमानपत्रात घातली. ती त्यांच्या बाजूने, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत वर गेली.

शनिवारी अकरा वाजून गेल्यावर तळमजल्यावर मोठा आवाज झाला. पहिलवानाच्या हातून वजन पडलं होतं, फरशीला तडा गेला होता. त्याचं दुखणं काही घरात मावणारं नव्हतं; पाचच मिनिटांत तो स्वतःच चौथ्या मजल्यावर आला. सही करून वर तोंड घेऊन यायला माणसाला पहिलवानाचंच काळीज लागतं.

“दादा, जरा हात लावून बघता का? पोटात काहीतरी लाथ मारतंय. बायकोला सांगितलं तर हसते.”

नवऱ्याने त्याच्या पोटावर हात ठेवला. त्या दगडासारख्या स्नायूंखाली एक उंचवटा आला, सरकला, आणि मावळला. नवऱ्याचा चेहरा दुखण्याने आक्रसेल म्हणून ती बघत होती. तो आक्रसला नाही.

पहिलवान गेल्यावर तो हात धुवायला गेला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

“काय होतं?” तिने विचारलं.

“त्याला दुखत नाहीये.”

“मग?”

“कोणीतरी खूश होतं,” तो म्हणाला. “आत. कोणीतरी मजेत होतं.”

ती पलंगावर बसली होती. दोन्ही हात पोटावर. मघाशी, वजन पडल्याचा आवाज झाला तेव्हा, ती खिडकीशी वाकून कुंडीतली माती उकरत होती; तिला इतक्या सहज वाकता आलं होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं. मग इस्पितळातलंही सांगितलं, पाण्यातल्या दोरासकट.

त्याने बोटांवर सह्या मोजल्या. “आधी सेक्रेटरी,” मग म्हणाला. “मग हा. ज्या क्रमाने सह्या आहेत त्याच क्रमाने.”

“हो.”

“बाळाला कुठे वाचता येतं?”

“मला येतं,” ती म्हणाली. “मी त्या एकेक करून वाचल्यात.”

पुढच्या आठवड्यात तेच होत गेलं. तिसरी सही असलेला शिंपी कापड बेततानाच मटकन खाली बसला. चौथी, पाचवी, सहावी. दरवेळी सकाळी अकराच्या पुढे, दरवेळी वीस-पंचवीस मिनिटं. ती तेवढा वेळ खुर्चीत ताठ बसून राहायची आणि घड्याळाकडे बघायची. जीव टांगणीला लागलेला असायचा, आणि त्याच वेळी तिच्या छातीत एक कडू, गरम समाधानही असायचं, ज्याची तिला लाज वाटायला हवी होती. वाटत नव्हती. तुम्हाला हे मूल दाराबाहेर हवं होतं ना? मग बसा आता.

रविवारी अकराला बेल वाजली. दारात सातही घरं उभी होती. सेक्रेटरी पुढे, हातात कागद. पहिलवान, शिंपी आणि बाकीचे त्यांच्या मागे, पोटावर हात धरून किंवा न धरल्यासारखं करून. काकू सगळ्यात शेवटी, स्वतःच्याच दाराला टेकून.

“हे विनंतीपत्र नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “आठ दिवसांत जागा खाली करायची. इथे सही करा.”

“का?”

“का ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आमच्यावर काहीतरी करताय.”

“मी?” ती दारात येऊन उभी राहिली. तिचं पोट उंबरठ्याच्या पुढे आलं आणि सेक्रेटरी एक पाऊल मागे सरले. “मी तुमच्या इमारतीत काय केलंय ते सांगू? एक दार उघडलंय. माझ्या नवऱ्याने काय केलंय? तुमची दुखणी काढलीत. तुमच्या दाढांसाठी तो रात्र रात्र तळमळलाय आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याला जिन्यात ओळख दिली नाहीत. अंगठी हरवली, मी चोर. अंगठी सापडली, तरी मी चोर. आता मूल अजून जन्मलं नाही, त्याने डोळे उघडले नाहीत, तर तेही चोर! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.”

“आवाज खाली करा,” सेक्रेटरी सवयीने म्हणाले.

“नाही करणार. हा वर्ग नाही.”

तिने त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे पाहिलं.

“काकू, बाकीच्यांचं सोडा. तुम्ही सही का केलीत?”

काकूंनी पदर चाचपावा तसा गाऊनचा गळा चाचपला. “सगळ्यांनी केली म्हणून...”

“खरं सांगा.”

“खरं सांगू?” काकूंचा आवाज चिरकला. “तू कडी न वाजवता कडी काढलीस गं. माझा जीव वाचवलास, कबूल. पण त्या दिवसापासून मी कडी लावते आणि मला वाटतं, लावून उपयोग काय? मी दाराकडे बघत पडते. वर्ष झालं, मला धड झोप नाही.”

“मग मरू द्यायला हवं होतं का तुम्हाला?”

काकूंनी गाऊनचा गळा मुठीत धरला.

खाली कुठेतरी नळ गळत होता.

तेवढ्यात तिची कंबर हलकी झाली.

तिने चौकटीला हात धरला. तिचं पोट होतं तसंच होतं. आतलं कोणी नव्हतं.

समोर काकूंचा गाऊन हलला.

पोटापाशी, हळूच. कापडाची फुलं वर आली, एका बाजूला सरकली, खाली गेली. सगळ्यांनी पाहिलं. पहिलवान दोन पायऱ्या खाली उतरला. शिंप्याने तोंडावर हात घेतला.

काकू ओरडतील असं तिला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि दोन्ही तळवे पोटावर ठेवले, अगदी अलगद, सवयीचे. वर्षभराचा ताण त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “मुलगी आहे.”

पाच मिनिटं झाली. दहा झाली. कोणी जागचं हललं नाही. पंचवीस मिनिटं झाली, तरी तिच्या कमरेत ओझं आलं नाही. अर्धा तास झाला.

“बघ,” ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “हात लावून बघ.”

नवरा काकूंपाशी गेला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

“काय?”

“तिला तिथे बरं वाटतंय.”

“म्हणजे?”

त्याने डोळे उघडले. ते ओले होते. “तुझ्या रागाचा आवाज तिथे येत नाहीये,” तो म्हणाला.

त्या क्षणी तिला जो संताप आला, तसला तिला आधी कधी आला नव्हता. सेक्रेटरींचा नाही, कागदाचा नाही. या बाईने तिच्याकडून जीव वाचवून घेतला, उलट तिच्याच विरुद्ध सही दिली, आणि आता हेही. ती दोन ढांगांत दोन दारांमधली जागा ओलांडून गेली. तिने काकूंच्या पोटावर हात ठेवला आणि ढकलला.

हात आत गेला.

तिथे वाळू नव्हती. ऊब होती.

काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

मनगटापर्यंत.

मग बोटांना बोटं लागली. इवलीशी, चिकट, नखं असलेली. त्यांनी तिचं एक बोट धरलं.

तिला ओढता आलं असतं. अडकलेला खटका कसा ओढायचा हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने ओढलं नाही. ती वाकली आणि काकूंच्या पोटापाशी तोंड नेऊन, दात आवळून, जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाली, “चल. घरी चल.”

काही झालं नाही.

“नाही ओरडणार,” ती म्हणाली. “चल.”

बोटांची पकड सुटली.

ओझं इतकं अचानक आलं की ती गुडघ्यांवर पडली. नवऱ्याने तिला सावरलं. तिचा हात कोरडा होता, त्याच्यावर काही नव्हतं. काकूंच्या गाऊनला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. त्या भिंतीला घसरत खाली बसल्या आणि रिकाम्या पोटाकडे बघत राहिल्या.

“नेलीस?” त्यांनी विचारलं.

सेक्रेटरींच्या हातातला कागद गळून पडला होता. तो उचलायला कोणी वाकलं नाही. सगळे एकेक करून, पाठ न फिरवता, जिना उतरून गेले.

त्यानंतर इमारत बदलली. फलकावरची नोटीस गेली. सेक्रेटरी जिन्यात थांबून तिला आधी जाऊ द्यायचे. शिंप्याने लहान लहान झबल्यांचा गठ्ठा पाठवला, पहिलवानाने पाळण्याला खिळे मारून दिले. आयाबाया विचारू लागल्या, काही हवं का गं? ती गोड हसायची आणि आतून पेटून उठायची. ही माया नव्हती, भीती होती. शेपूट घातलेल्यांची मऊ बोलणी होती. तिला माफी हवी होती आणि ती कोणीच मागितली नाही. काकू तर दारच उघडत नव्हत्या. बाळ मात्र पुन्हा कुठे गेलं नाही. नऊ महिने भरेपर्यंत ते जागच्या जागी राहिलं, आणि ती खरंच ओरडली नाही.

मुलगी दुपारी झाली, तीन किलोची, डोक्यावर दाट जावळ. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “सगळं जिथल्या तिथे आहे.” तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन घरी आले.

चौथ्या दिवशी मुलीने दूध घ्यायचं सोडलं. रडत नव्हती, चिडत नव्हती. छातीशी धरली की तोंड बाजूला करायची आणि गाढ झोपायची, ओठांच्या कोपऱ्यात बुडबुडा. आईच्या छातीत ठणका लागायचा, आणि ती न्हाणीघरात उभी राहून दूध पिळून टाकायची. बाटलीही मुलीने घेतली नाही. दोन दिवस असेच गेले. नवरा म्हणाला, तिला भूक जाणवत नाहीये, मी हात लावून पाहिलं. तरी सकाळी तपासणीची नर्स येणार होती, आणि नर्स काय म्हणेल या काळजीने तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

नर्सने मुलीला तराजूत ठेवलं. काटा बघून तिने भुवया उंचावल्या.

“दोनशे ग्रॅम वाढली की! छान पितेय हं अंगावर. दर किती तासांनी पाजता?”

ती मुलीचं दुपटं सारखं करत राहिली. नर्सने वहीत आकडा लिहिला, मुलीचे गाल चिमटीत धरले आणि निघाली. ती नर्सला सोडायला दारापर्यंत गेली.

समोरचं दार उघडं होतं. कितीतरी आठवड्यांनी. काकू उंबरठ्यावर उभ्या होत्या. केस विंचरलेले, चेहरा झोप झालेल्या माणसाचा. नर्स त्यांना नमस्कार करून जिना उतरू लागली.

“उचकी लागलीय तिला,” काकू हळू आवाजात तिला म्हणाल्या. “जरा उभी धर.”

घरात, पाळण्यात, मुलगी उचकी देत होती.

काकू सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी कोरडा, धुतलेला गाऊन घातला होता, आणि त्याच्यावर छातीपाशी दोन गोल ओले डाग हळूहळू मोठे होत होते.